चष्म्यातला धंदा आणि घरातली एफडी

सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, म्हणजे कान खाली कुंपणाकडेच.

"वहिनी, तुमचा सौरभ काल गच्चीत डोळ्यांना डबडं बांधून हवेत चिमटे काढत होता. बरा आहे ना हो?"

"काय सांगू काकू! हेडसेट म्हणे तो, मेटाचा क्वेस्ट थ्री. मलाही घालायला लावला. पट्टा अंबाड्यावर बसेना, पिना टोचायला लागल्या. पण गंमत बघा, बैठकीची खोली दिसते तशीच्या तशी आणि टीव्हीपाशी मासा पोहतोय! मी चक्क सरकले, त्याला वाट द्यायला."

"मग तोंड का उतरलंय?"

"त्यावरची ॲप्स बनवायची म्हणतोय, नोकरी सोडून. ह्यांच्याकडे एफडी मोडायचा विषय काढलाय. वीस लाखांची."

"थांबा, दूध बघून आले."

दूध हे निमित्त. काकू बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यात. चष्मा लावूनच परत आल्या.

"आता सांगा. गिऱ्हाईक कोण?"

"सगळं जग, म्हणतो."

"फोन घेतं सगळं जग. हे डोक्यावर बांधून बसणारे किती? ॲपलनं २०२४ च्या फेब्रुवारीत व्हिजन प्रो काढला, ३,४९९ डॉलरला. आपले जवळजवळ तीन लाख! चष्मेवाल्यांना आतली भिंगं वेगळी, त्यांचे पैसे वेगळे. बॅटरी वायरीनं खिशात. नेटफ्लिक्स, यूट्यूबनं सुरुवातीला त्यासाठी ॲपच काढलं नाही. पैशाला तोटा नाही ते काठावर उभे, आणि आपण एफडी मोडून उडी मारायची?"

"तुम्हाला हो कसं एवढं माहीत?"

"जावई सॅन होजेला आहे ना. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दुसरा विषय नाही."

"पण क्वेस्ट स्वस्त आहे. थ्रीएस तर २०२४ मध्ये तीनशे डॉलरला निघाला."

"असेल. पण मेटाच्या त्या रिॲलिटी लॅब्ज विभागाला २०२४ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला. झुकरबर्गला परवडतं, तुम्हाला? वर ॲप विकलं की शंभरातले तीस मेटाचे. आणि मायक्रोसॉफ्टनं काय केलं माहितेय? त्यांच्या होलोलेन्स हेडसेटचं उत्पादन बंद. विंडोजवर चालणारे इतर कंपन्यांचे हेडसेट होते, त्यांचा आधारच विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकला. पैसे मोजून घेतलेली चालती वस्तू, शोकेसमध्ये गेली! दुसऱ्याच्या जागेत विनाकरार दुकान थाटण्यातला प्रकार आहे हा, वहिनी."

वहिनी इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हेत. "आणि त्या गोरिला टॅग खेळानं दहा कोटी डॉलरच्या वर कमावले ते? बिनपायांची माकडं, हातांनी ढकलत पळायचं. खेळ फुकट, टोप्याबिप्या विकायच्या. आणि तो दुसरा खेळ, बीट सेबर! चेक देशातल्या मोजक्या पोरांनी २०१८ मध्ये काढला, दुसऱ्याच वर्षी फेसबुकनं कंपनी विकत घेतली."

हे मात्र खरं. दुकान रिकामं असताना शिरलेल्याकडे लोकांचं लक्ष जातं, हे काकूंच्या हिशेबात बसत नव्हतं. पण त्या हटल्या नाहीत.

"लॉटरी लागतेच की कुणाला. सौरभ काय बनवतोय?"

"सोफा घेण्याआधी घरात मांडून बघायचं ॲप."

"अहो, ते आयकियानं २०१७ लाच साध्या फोनवर करून दाखवलं!"

वहिनी कढीपत्त्याची पानं खुडत राहिल्या. मलाच त्यांची दया आली.

"तसं नाही," काकू नरमल्या. "हात चांगला आहे हो त्याचा. पण त्यानं कारखान्यांची कामं धरावीत. मोठं मशीन, चुकलं तर बोटं जातील, तिथं नव्या माणसाला आधी हेडसेटमध्ये सराव द्यायचा. अमेरिकेत वॉलमार्टनं कर्मचाऱ्यांना शिकवायला २०१८ मध्येच सतरा हजार हेडसेट घ्यायचं ठरवलं. आपल्याला चाकणचे कारखाने काय लांब आहेत? तिथं हेडसेट कंपनी घेते आणि पैसे कामाचे मिळतात. कुणी डाउनलोड करतंय का म्हणून वाट बघत बसायला नको. आणि युनिटी सॉफ्टवेअरमध्ये, ओपनएक्सआर हे सगळ्यांचं सामायिक मानक धरून बनव म्हणावं. म्हणजे मेटानं गाशा गुंडाळला तरी बरंचसं काम दुसऱ्याच्या हेडसेटवर नेता येतं. सॅमसंगनंही २०२५ मध्ये काढलाय ना, गूगलला बरोबर घेऊन."

"मग नोकरी?"

"पहिली वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत सोडायची नाही. ॲडव्हान्ससकट. तोवर शनिवार-रविवार आहेत की."

"आणि एफडी? ह्यांनी फॉर्म आणून ठेवलाय हो."

"मोडू नका! मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. अगदीच अडलं तर तिच्यावर कर्ज काढा, नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं. पावती घेऊन या संध्याकाळी, व्याजदर बघते."