गणपतीला मुळा

2019 च्या मे महिन्यात तोक्योच्या आमच्या एदोगावा वॉर्डाने घरोघर पुराचा नकाशा वाटला. मुखपृष्ठावर वॉर्डातून बाहेर पळायला सांगणारे बाण आणि ठळक अक्षरांत सूचना: इथे राहून चालणार नाही. वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, तेव्हा सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या निशिकासाईच्या इमारतीत सगळ्यांचे चेहरे उतरले. मला मात्र भरून आलं. माझ्या डोक्यात चोवीस तास जे चाललेलं असतं, ते एका सरकारी कचेरीने रंगीत छापून काढलं होतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. काय काय बिघडू शकेल याची यादी करायचे मला पैसे मिळतात, आणि ऑफिस सुटलं तरी यादी सुटत नाही. तोझाई लाइनच्या मेट्रोत उभ्या उभ्या मी नवऱ्याची नोकरी घालवते, मुलीला नापास करते, स्वतःला दोनतीन असाध्य आजार जडवते आणि कायाबाचो येईपर्यंत विम्याचे पैसे पुरतील का याचा हिशेबही संपवते. लोक याला नकारात्मक विचार म्हणतात. मी दूरदृष्टी म्हणते. 'मी ना, जरा जास्तच विचार करते,' हे मी चारचौघांत ज्या सुरात सांगते, त्या सुरात बाकीच्या बायका 'काही केल्या माझं वजनच वाढत नाही' म्हणतात.

उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. समर्थांनी मनाला 205 श्लोकांत समजावलं, पण त्यांचं मन मुळात सज्जन. मग डॉ. आनंद नाडकर्णी आणि मंडळींनी मराठीत रुजवलेली अल्बर्ट एलिसची रीत धरली. विचार आला की त्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे पुरावा काय? शहाणी माणसं एवढ्यावर सुटतात म्हणे. माझा विचार फाइल घेऊनच आला, स्क्रीनशॉटसकट. शेवटी टेस्टरचाच विचार तो.

मग इथल्याच मोरिता मासाताके या डॉक्टरांशी गाठ पडली, अर्थात पुस्तकातून, कारण ते 1938 सालीच गेले. 1874 साली कोची प्रांतात जन्म. लहानपणी देवळात नरकाचं चित्र पाहिलं आणि मरणाची धास्ती घेतली ती कायमची. तोक्योत वैद्यकी शिकताना छातीत धडधड सुरू झाली. त्यात घरून पैसे येईनात. पोरगा संतापला, औषधं बंद केली, मरायचंच तर अभ्यास करून मरतो म्हणाला. परीक्षा उत्तम गेली आणि धडधडही गेली. बापाने पैसे पाठवले नाहीत म्हणून जगाला एक मानसोपचार मिळाला, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

1919 च्या सुमारास ते रुग्णांना स्वतःच्या घरीच ठेवून घेऊ लागले. पहिला आठवडाभर नुसतं पडून राहायचं. वाचन नाही, गप्पा नाहीत, येतील ते विचार येऊ द्यायचे. पुढे झाडलोट, बागकाम, लाकडं फोडणं. रात्री रोजनिशी लिहायची आणि तिच्यावर डॉक्टरांचे शेरे. भीती वाटते? वाटू दे. अंगण झाडलंस का? खुंट्याला बांधलेलं गाढव सुटण्यासाठी गोल गोल फिरतं आणि दावं आणखी आवळून घेतं, हा झेनमधला दाखला ते द्यायचे. धडधडीकडे जितकं लक्ष, तितकी धडधड जास्त, एवढंच त्यांचं गणित.

मला हे झोंबलं. इतकी वर्षं खस्ता खाऊन वाढवलेली माझी चिंता, आणि हा गृहस्थ तिच्याशी वाद घालायलासुद्धा तयार नाही!

आता मुळ्याबद्दल. मोरितांशी मुळ्याचा काडीचा संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. असाकुसाजवळ सुमिदा नदीकाठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध होऊन जपानला आलेला. इकडे त्याचं नाव कांगितेन. दोन गजमुखी आकृत्या एकमेकींना मिठी मारून उभ्या, हे त्याचं नेहमीचं रूप. तेव्हा मूर्ती पडद्याआड असते यात नवल नाही. आणि या देवाला वाहायचा मुळा! हातभर लांब, पांढराशुभ्र, देवापुढे राशीच्या राशी. देवळावर जागोजाग आडवातिडवा जोडमुळा कोरलेला. 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो आणि प्रसाद म्हणून वाफाळता शिजवलेला मुळा मिसो घालून हातात ठेवतात. शाळेत डब्यात मुळ्याची भाजी आणली की अख्खा बाक माझ्यासाठी रिकामा व्हायचा. त्याच मुळ्यासाठी मी इथे थंडीत कुडकुडत रांगेत उभी होते.

मुळा म्हणजे माणसाच्या मनातला राग आणि भ्रम, असं त्या देवळात मानतात. तो नुसता देवापुढे ठेवायचा. आपला राग इतरांपेक्षा वरच्या दर्जाचा असल्याने मी दुकानातला सर्वांत जाड मुळा निवडला. रांगेत पुढे असलेल्या आजींच्या हातात जेमतेम करंगळीच्या दुप्पट जाडीचा होता. त्यांनी माझ्या मुळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कमरेत वाकून मला पुढे जाऊ दिलं.

मोरितांची एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. मरणाच्या भीतीच्या पोटात जगायची ओढ असते, असं ते म्हणत. माझी आई मिरजेला एकटी राहते. रात्री दहाला तिची मालिका संपली की तिला माझी आठवण होते, तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. फोन दोनदा वाजेपर्यंत माझं सगळं उरकलेलं असतं: हॉस्पिटल, शेजारच्या काकांचा जड आवाज, विमान, मुंबईहून पुढची गाडी आणि झालेला उशीर. पलीकडून आवाज येतो, "झोपली होतीस का गं? अगं, कढीपत्त्याला पालवी फुटली." मी खेकसते. पण 'रात्री फोन बंद ठेवत जा ना,' असं नवरा म्हणाला, तेव्हा त्याच्यावर त्याहून जोरात खेकसले. बाकी सगळ्या चिंतांना मी पुरावा मागितला, या एका चिंतेला मागत नाही. तिच्याकडे तो आहे. आई एक्क्याऐंशीची आहे.

फोन ठेवला की हल्ली मी ओट्यावरची भांडी लावते. झोप येत नाहीच, पण भांडी लागतात.

परवा तिला मुळ्याची हकिकत सांगितली. पलीकडे बराच वेळ सामसूम. गणपतीची विटंबना झाली म्हणून आता ही अथर्वशीर्षाची आवर्तनं करायला लावणार, अशी माझी तयारी सुरू झाली.

"काय गं," ती म्हणाली, "आणि पाल्याचं काय करतात? टाकून देतात की काय मेले?"