वैराग्यशील बोलीदार
मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64 नुसार हातोडा पडेपर्यंतच बोली मागे घेता येते. मात्र अकोला-अमरावतीकडील ऑनलाइन लिलावांत जुन्या कूलरवर सर्वांत चढी बोली लावून, पैसे भरायच्या क्षणी अंतर्धान पावणाऱ्या बोलीदाराने, म्हणजेच वस्तू जिंकूनही तिचा मोह न धरणाऱ्या साधकाने, हातोड्यानंतरच्या वैराग्याची जी परंपरा घालून दिली आहे, तिचे मोल कायद्याला अद्याप उमगलेले नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना बोली लावावी आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर ‘घरी विचारून सांगतो’ एवढा निरोप धाडावा, यात ऋतुचक्राचा सूक्ष्म अभ्यास आहे. विक्रेत्यांनी अनामत रकमेसारखे क्षुद्र उपाय सोडून असा बोलीदारच लिलावात काढावा. त्याच्यावरही सर्वांत चढी बोली त्याचीच निघेल.