गब्बर अजून मोकळाच आहे

जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तोवर ते यंत्र बनवणारी ती एकटीच उरली होती, त्यामुळे यंत्राचा वंशच खुंटला म्हणायचा. सावनेरच्या भाऊंना मी ही बातमी दिली तेव्हा ते अंगणातल्या खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग? माह्यावाला तं चालू हाय ना."

त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या नोव्हेंबरअखेर, सावनेरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन बंद झाली होती. तिचं दुःख सावनेरनं रीतसर केलं. पण छोट्या गाड्यांसाठी निदान नागपुरात मोतीबागेला रेल्वेचं संग्रहालय आहे. व्हीसीआरसाठी भाऊ आहेत.

भाऊ म्हणजे कोणी एकच गृहस्थ असं समजू नका. खाप्यात असा एक सापडेल, केळवदला एक, आणि राज्याची हद्द ओलांडून सौंसरला गेलात तर हिंदीत बोलणारा एक. प्रत्येकाच्या घरी झाकलेलं एक काळं यंत्र असतं, संत्र्याच्या पेट्यांमध्ये रचलेल्या कॅसेटी असतात आणि कपाळाला हात लावून बसलेली एक वहिनी असते. सावनेरचा नमुना त्यातल्या त्यात अस्सल, म्हणून त्याचंच सांगतो.

भाऊ वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समधून, निवृत्त झाले. हयात वलनीच्या खाणीत गेली. ऐंशीच्या दशकात वेतन कराराचे एरिअर्स एकदम हाती पडले, तेव्हा कोणी मोटरसायकल घेतली, कोणी पोरीचं लग्न उरकलं. भाऊंनी नागपूरच्या बर्डीवरून नॅशनल पॅनासोनिकचा व्हीसीआर आणला. एसटीत सीट मिळाली ती त्यांनी खोक्याला दिली आणि स्वतः सावनेरपर्यंत उभे आले. वहिनींचं म्हणणं, लग्नानंतर आपल्याला घेऊन येताना मात्र सीटवर हेच बसले होते.

या माणसाला नवं काही जमत नाही म्हणून तो जुन्याला चिकटला आहे, असा समज करून घेऊ नका. भाऊंच्या खिशात दोन सिमांचा फोन आहे. पेन्शन फोनवर बघतात, किराण्याचे पैसे फोनवर देतात, वीजबिल भरून नातेवाइकांना पावतीसुद्धा धाडतात. समोरच्या भिंतीवर मुलानं लावलेला भलाथोरला एलईडी टीव्ही आहे, त्यात जगातले झाडून सगळे सिनेमे आहेत. त्याला आपला व्हीसीआर जोडायला जागा नाही हे कळल्या दिवसापासून भाऊंनी त्या टीव्हीशी बोलणं टाकलं. कोपऱ्यात जुना पिक्चर ट्यूबवाला ओनिडा आहे, भाऊंचा संसार त्याच्याशी.

आता मुद्द्याची गोष्ट. भाऊंना सिनेमाचं वेड आहे असं सावनेरात सगळे समजतात. मला तसं वाटत नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एकही सिनेमा 'पाहिलेला' नाही. ते फीत पाहतात. हिरो काय बोलतो यापेक्षा त्याच्या कपाळावरून आडवी पांढरी रेघ किती वेळा गेली, याकडे त्यांचं लक्ष. पाहुणा नायिकेकडे पाहत असतो, भाऊ पडद्याच्या खालच्या दोन बोटं पट्टीकडे. तिथं जरा चुरचुर झाली की ते उठलेच.

सिनेमा लावण्याआधीचा सोहळा सिनेमाएवढाच लांबतो. आधी क्रोशाचं आवरण निघतं. मग वरचं झाकण. (ते झाकण चार स्क्रूंचं आहे, पण भाऊंनी तीन कधीच काढून टाकले. रोज कोण उघडत बसेल?) मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कापडानं हेड पुसायचं, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं. पूर्वी हे काम कोऱ्या करकरीत नोटेनं व्हायचं. भाऊंच्या मते हल्लीच्या नोटांना ती धार राहिली नाही.

पुसताना व्याख्यान चालू असतं. कॅसेट आत गेली की यंत्र तिच्यातून अर्धा इंच रुंदीची फीत ओढून बाहेर काढतं आणि एका चकचकीत ड्रमला गुंडाळतं. तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फितीवर चित्र तिरप्या रेघांनी लिहिलेलं असतं आणि ड्रमवरच्या हेडनं नेमकी तीच रेघ पकडायची असते. पकड जराशी सरकली की पडद्यावर बर्फ पडतो. ती पकड बसवणं म्हणजे ट्रॅकिंग. तीन तासांच्या कॅसेटीत अडीचशे मीटरच्या आसपास फीत भरते. "इथून सोडली तं बसस्टँडच्या वाटंले लागते," असं भाऊ सांगतात, आणि घरातली पोट्टी हळूच एकमेकांकडे पाहतात, कारण लहानपणी त्यांनी ती एकदा खरोखरच सोडून पाहिली होती.

मग कॅसेट लागते. भाऊंच्या संग्रहातला मुकुटमणी 'शोले'. सिनेमा सव्वातीन तासांहून मोठा, कॅसेट ई-१८०, म्हणजे बरोबर तीन तासांची. शेवटची मारामारी सुरू होते न होते तोच खट्ट आवाज येतो आणि फीत आपोआप रिवाइंड व्हायला लागते. 'शोले'ला दोन शेवट आहेत हे जाणकारांना ठाऊक असतं. रमेश सिप्पींनी ठाकूरच्या पायाखाली गब्बरला संपवलं होतं. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते रुचलं नाही, म्हणून १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला तेव्हा ऐनवेळी पोलीस पोचले. तिसरा शेवट सावनेरात आहे. तिथं गब्बर अजून मोकळाच आहे. भाऊंच्या थोरल्या मुलाला तो पकडला जातो हे कॉलेजात गेल्यावर समजलं, आणि वर्गातल्या पोरांनी त्याला खोटं सांगितलं असंच तो बरेच दिवस धरून चालला होता.

'हम आपके हैं कौन'चं प्रकरण निराळं. १९९४ मध्ये राजश्रीनं चोरट्या कॅसेटींना आळा घालायचा म्हणून त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात आणायचं बराच काळ टाळलं. म्हणजे भाऊंकडे जी आहे ती थिएटरात बसून चोरून घेतलेली कॅमेरा प्रिंट. त्यात माधुरी नाचत असताना पुढच्या रांगेतला एक जाडा माणूस उठतो, पडदा अर्धा झाकतो आणि बाहेर जातो. थोड्या वेळानं परत येतो. भाऊंना तो आता घरच्यासारखा झाला आहे. "थांब गा, आता उठते पाय तो. हां, उठला!" पुढे मुलानं हाच सिनेमा एलईडीवर लावून दाखवला, लख्ख, रंगीत, एक ओरखडा नाही. भाऊ तासभर बसले आणि म्हणाले, "तो माणूस काहून नाई दाखवला?"

इथं जरा अडचणीचा विषय निघतो. भाऊ आयुष्यात कोणाचा रुपया बुडवणारे नाहीत. खाणीतून कोळशाचा खडा कधी घरी आणला नाही. पण त्यांच्या तीनेकशे कॅसेटींत रीतसर हक्काची कॅसेट शोधायला दिवा घेऊन बसावं लागेल. कॉपीराइट कायदा १९८४ मध्ये सुधारला आणि व्हिडिओ चोरीला त्यात शिक्षा आली, हे त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, "मी कुठं चोरली? मी तं पैसे देऊन घेतली." त्या काळच्या अख्ख्या महाराष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी एवढ्या एका वाक्यात मावते.

फसवणूक एकदा त्यांचीही झाली. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानात कपिल देवनं झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचं टीव्हीचं चित्रण कुठंच नाही, कारण त्या दिवशी कॅमेरेच आले नव्हते. हे जगाला ठाऊक असताना नागपुरातल्या एका दुकानदारानं भाऊंना 'कपिल १७५, ओरिजिनल' असं लिहिलेली कॅसेट चढ्या भावात विकली. ती पेटीत सगळ्यात वर आहे, रोज पुसली जाते. भाऊंनी ती अजून लावलेली नाही. "लावली तं घासते," असं कारण देतात. मला दुसरं कारण दिसतं, पण मी ते त्यांच्यापुढे बोललो नाही.

वहिनींची कहाणी उन्हाळ्यात सुरू होते. सावनेरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. वाळ्याच्या ताट्या लावलेला, पाणी भरलेला कूलर ही तिथं चैन नसते, ती माणसाला जिवंत ठेवते. पण कूलरची हवा ओली, आणि ओलीनं फितीला बुरशी धरते. शिवाय व्हीसीआरच्या पोटात दमट हवा ओळखणारा एक सेन्सर असतो. ओल जाणवली की यंत्र हटून बसतं, फीत ओढतच नाही. म्हणून कॅसेटीच्या खोलीत कूलर नाही. आणि घरातली मोठी खोली तीच. गेल्या उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेल्या त्या रोहिणी संपेपर्यंत फिरकल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "त्या कॅसेटीयले जपतेत तेवढं मले जपलं असतं तं मी अजून पोट्टी दिसली असती." भाऊंनी या वाक्यावर विचार केला असावा, कारण परतल्यावर वहिनींना एक टेबलफॅन मिळाला.

विजेनंही भाऊंना कमी छळलं नाही. खापरखेड्याचं वीजकेंद्र याच तालुक्यात. इथली वीज महाराष्ट्रभर जाते, पण भारनियमनाच्या वर्षांत ती जाताना इथल्या लोकांना हात हलवूनही जात नसे. ऐन सिनेमात लाईट गेली की कॅसेट यंत्राच्या पोटात, फीत ड्रमला गुंडाळलेली. ओढली की चुरगळली. मग लाईट येईपर्यंत भाऊ यंत्रापाशी पहारा देत बसत, कोणाचा हात जाऊ नये म्हणून. रात्रपाळीत खाली खाणीत बसायचं आणि दिवसपाळीत वर अंधारात, अशी त्यांची ड्यूटी.

पण एक काळ भाऊंचाही होता, आणि या साऱ्या हट्टाचं मूळ मला तिथं दिसतं. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, त्याच्या मागोमाग व्हीसीआर. तान्ह्या पोळ्याच्या रात्री, गणपतीत, बारशाला वर्गणी निघायची आणि बोलावणं यायचं भाऊंना. टीव्ही बैलगाडीत, व्हीसीआर भाऊंच्या मांडीवर. चौकात चादर टाकून दीडशे माणूस बसायचं. पहाटेपर्यंत तीन सिनेमे. कोणता आधी लावायचा, कोणतं गाणं पुन्हा लावायचं, कोणत्या नाजूक प्रसंगी म्हाताऱ्यांसाठी कॅसेट पुढे पळवायची, हे ठरवणार भाऊ. रिमोटला वायर होती, आणि ती वायर भाऊंच्या हातापर्यंतच पोचायची. सरपंचसुद्धा म्हणायचे, "भाऊ, जरा तेवढा फाइटिंगचा सीन अजून एकडाव." भाऊ विचार करून मान हलवायचे.

आज घरात पाच माणसं आणि सहा रिमोट. नातू कानात बोंडं घालून कोरियन काहीतरी पाहतो, सून तिसरंच. भाऊंना विचारायला कोणी येत नाही. व्हीसीआर चालू असतो तेवढाच वेळ त्या घरात एक माणूस बटण दाबतो आणि बाकीचे थांबतात. एवढ्या सत्तेसाठी माणसं निवडणुका लढवतात. भाऊ हेड पुसतात.

अलीकडे मात्र त्यांच्याकडे पुन्हा लोक यायला लागले आहेत. सिनेमासाठी नाही. लग्नाच्या कॅसेटी घेऊन. नव्वदीतली लग्नं सगळी फितीवर आहेत आणि ती चालवायला सावनेरात यंत्र उरलं ते हे. मग काय काय दिसतं! गुलाबाच्या फुलात फिरणारी नवरी. बदामात नवरा. पंगतीत घास तोंडाशी नेलेला मामा, हॅलोजनच्या झोतात डोळे मिटून. सगळ्यात वाईट म्हणजे स्टुडिओवाल्यानं मिक्सिंग करताना खरा आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी घातलेली. एकजण गेलेल्या वडिलांचा आवाज ऐकायला आला होता. वडील पडद्यावर बोलताहेत, हातवारे करताहेत, आणि वरून किशोरकुमार. भाऊंनी फीत मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या फटीत वडिलांचे दोन शब्द निघाले, "वाढा ना." भाऊंनी ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकवले. त्या दिवशी ट्रॅकिंगबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

काहींची लग्नं सप्तपदीपाशी थांबतात आणि पुढे थेट शारजाची मॅच सुरू होते. कोणीतरी तीच कॅसेट रेकॉर्डिंगला वापरलेली. अशा वेळी भाऊंचा पारा चढतो. कॅसेटीच्या कडेचा तो प्लास्टिकचा टवका मोडला असता तर मशीननं त्यावर दुसरं काही भरूच दिलं नसतं. "लग्नाले दोनशे पान वाढलं, अन् येवढा टवका मोडाले वेळ नाई भेटला तुम्हाले?"

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचं सारं २०२५ पर्यंत उतरवून घ्या, नाहीतर ते जाईल, कारण फिती झिजताहेत आणि यंत्रंही संपताहेत. मी ते भाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याइले म्हणा, अडचण असन तं सावनेरले येजा." पण त्यानंतर मुलानं आणलेलं ते यूएसबीचं यंत्र त्यांनी निमूटपणे जोडून घेतलं. आता ते लोकांच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. यात त्यांना आवडलेली गोष्ट एकच, तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. कोणाच्या ओळखीनं ते लवकर होत नाही.

तर वाचकहो, माळ्यावर कुठं घरच्या लग्नाची, मुंजीची कॅसेट पडली असेल तर पावसाळ्याआधी काढा आणि आपापल्या तालुक्यातला भाऊ शोधा. हे यंत्र आता कुठं बनत नाही आणि चालवणारे हातही दरवर्षी कमी होताहेत. जाताना जेवून जा. "जरा पुढे पळवा ना" असं चुकूनही म्हणू नका. काम झाल्यावर लगेच उठता येईल या भ्रमात राहू नका, कारण पूर्ण रिवाइंड झाल्याशिवाय भाऊ कॅसेट कोणाच्या हातात देत नाहीत. तेव्हा परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवा.