विहंगम मार्गाने कर्जत

झाडावरच्या फळापर्यंत मुंगीही पोचते आणि पक्षीही. मुंगी बुंध्यावरून, फांदीफांदीने, मध्ये दोनदा घसरून. पक्षी सरळ उडून. अध्यात्मात पहिल्याला पिपीलिका मार्ग म्हणतात, दुसऱ्याला विहंगम. आपल्याकडे मुंग्यांची संख्या कायमच जास्त. नाम घ्या, माळ ओढा, हा जन्म गेला तर पुढच्या जन्मी पुन्हा अर्ज करा. इंचगिरी संप्रदायाचे भाऊसाहेब महाराज ध्यानाला फार महत्त्व देत. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (1888–1936) सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. गुरू गेल्यावर त्यांनी स्वतः खडतर ध्यान केलं आणि मग सांगू लागले, की विवेकाच्या बळावर थेटही पोचता येतं, उडा. गुरुबंधूंना ते रुचलं नाही. मला त्यांचं दुःख समजतं. आपण वर्षानुवर्षं मांडी घालून गुडघे घालवायचे आणि बरोबरच्याच माणसाने येऊन सांगायचं, की जिना होता, पण लिफ्टही होती.

आमच्या घरात मुंगी आहे ती माझी पत्नी. ती इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आली. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तास बैठक, संध्याकाळी नव्या साधकांना चहा, चुरमुरे आणि फळ, आणि सगळ्यावर कडी म्हणजे आर्य मौन. मी तिला आणायला गेलो होतो. दहा दिवसांच्या मौनाचा सगळा अनुशेष तिने कसारा घाट उतरायच्या आत भरून काढला. तेव्हाच मी ठरवलं, की आपल्याला झेपेल तो विहंगम. आणि नेमकं त्याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर पत्रक आलं: थेट मार्ग, निवासी शिबिर, कर्जतजवळ, नदीकाठी. सुट्टीला जोडून. लवकर नाव नोंदवणाऱ्यांना ‘अर्ली बर्ड’ सवलत होती. पक्ष्यांचाच मार्ग, तेव्हा हे रास्तच झालं. पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, की मिळवायचं काहीच नाही, तुम्ही आधीच ते आहात. त्याच्या खाली बारीक अक्षरांत होतं, की शुल्क परत मिळणार नाही.

पत्नी म्हणाली, “चला, मीही येते. बघू तरी तुम्ही कसे उडता.”

शिबिराचा हॉल छान होता. तीन बाजूंनी उघडा, मागे डोंगर, खाली सुती आसनं. मोबाइल कापडी पिशवीत घालून जमा करायचा, पिशवीला नंबर. बिनदुधाचा गवती चहा. त्यात साखरही नाही, कारण साखर मनाला चंचल करते असं एका तरुण स्वयंसेविकेने सांगितलं. आमच्या बॅचमध्ये सांगलीच्या एक काकू होत्या. त्यांनी तिच्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं आणि रात्री बायकांच्या खोलीत दाण्याची चटणी आणि गुळाची ढेप निघाली, असं पत्नीकडून कळलं. पुरुषांच्या खोलीत फक्त घोरणं निघालं.

मार्गदर्शक बाई पन्नाशीच्या, शांत, पूर्वी आयटीत होत्या. त्यांनी पद्धत समजावली. 1968 साली कॅलिफोर्नियात चार्ल्स बर्नर नावाच्या गृहस्थांनी ती बसवली. दोन माणसं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, “तू कोण आहेस ते सांग.” दुसरा पाच मिनिटं सांगतो. घंटा वाजली की उलट. अशी चाळीस मिनिटं, मग जोडीदार बदलायचा, आणि हे दिवसभर. ‘मी कोण?’ हा प्रश्न रमण महर्षींचा. समोर माणूस बसवून तो मोठ्याने विचारायचा, ही अमेरिकन भर. आणि ऐकणाऱ्याला कडक नियम: मान हलवायची नाही, हसायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘हं’ म्हणायचं नाही.

वाचकहो, हा शेवटचा नियम काय चीज आहे ते बसल्याशिवाय कळत नाही. मराठी माणूस फोनवरसुद्धा दर तिसऱ्या शब्दाला ‘हं’ म्हणतो. नाही म्हटलं तर पलीकडचा ‘हॅलो हॅलो’ सुरू करतो. ‘हं’ न म्हणता पाच मिनिटं ऐकायचं म्हणजे निर्जळी एकादशी. आमच्या हॉलमध्ये पहिल्या तासाला सर्वत्र घशातल्या घशात दाबलेले हुंकार ऐकू येत होते.

बोलणाऱ्याचीही तीच तऱ्हा. “तू कोण आहेस ते सांग” म्हटल्यावर पहिल्या फेरीत सगळे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आल्यासारखे बोलले. नाव, मूळ गाव, शिक्षण, कुठल्या खात्यातून निवृत्त, मुलगा कुठे असतो. एकाने गोत्र सांगितलं. मी सोसायटीचा खजिनदार असल्याचंही सांगून टाकलं, कारण पाच मिनिटं संपता संपेनात. दुसऱ्या फेरीला माहिती संपली आणि तक्रारी सुरू झाल्या. जेवणापर्यंत त्या हॉलमध्ये किमान तीन भावकीचे दावे, एक बांध कोरल्याची केस आणि एका सुनेची कैफियत दाखल झाली होती. ऐकणारे सगळे मख्ख. एरवी अशा गोष्टीला समोरून लगेच जोड मिळते, “आमच्याकडे तर याहून वाईट” म्हणून. इथे ती मिळेना, तेव्हा तक्रारींतली हवाच जायला लागली. सल्ला नाही, चुकचुकणं नाही. एवढं चांगलं गाऱ्हाणं, पण पाठिंब्याअभावी पडलं.

दुपारी माझ्या समोर आले ते एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सातारच्या बाजूचे, भरदार आवाज. सकाळी त्यांचीही सगळी वंशावळ सांगून झाली असणार. आता मी म्हटलं, “तुम्ही कोण आहात ते सांगा.” ते बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी आवाज आहे. तीस वर्षं माइकवर गाड्या पुकारल्या. सगळा स्टँड माझं ऐकायचा, पण वर बघितलं नाही कुणी.” पुन्हा थांबले. “आता बोलायला बसलो तर तो आवाजपण मी नाही असं वाटतंय.” मला मान हलवायची होती. निदान ‘अहो, असं कसं’ म्हणायचं होतं. दात आवळून बसलो. घंटा वाजल्यावर त्यांनी खणखणीत आवाजात “आता आपली पाळी” असं पुकारलं आणि मागच्या रांगेतल्या दोघी दचकून उठल्या.

थेट मार्गाच्या शिबिरात रमण महर्षींचं उदाहरण येतंच, तसं ते संध्याकाळी आलं. 1896 साल, मदुराईत काकांच्या घराचा माडीवरचा मजला, सोळा वर्षांचा मुलगा. एकाएकी मरणाची भीती दाटून आली, तेव्हा तो सरळ आडवा झाला, श्वास रोखला, आपण मेलो असं धरलं आणि मरतं ते शरीर, मग मी कोण, हे पाहिलं. काही मिनिटांत काम झालं. हॉलमधला हिंजवडीचा एक तरुण इंजिनिअर इथे एकदम सरसावून बसला. काही मिनिटं हा आकडा त्याला आवडला होता.

बाईंनी गोष्ट इथेच थांबवली. पण पुढचा भाग मला जास्त आवडतो. तो मुलगा काही आठवड्यांत घर सोडून तिरुवण्णामलैला गेला, तिथल्या मोठ्या देवळात पाताळलिंगाच्या तळघरात बसला आणि किड्यामुंग्यांनी त्याच्या मांड्या फोडून काढल्या तरी उठला नाही. विहंगम मार्गाच्या एवढ्या मोठ्या पक्ष्याला शेवटी मुंग्यांनीच गाठलं. पुढे 1950 पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं, तो माणूस ते गाव सोडून कुठे गेला नाही, आणि आश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटे उठून भाजी चिरायला बसायचा. हे मी जेवताना इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे काका, पोस्ट-अवेकनिंग मेंटेनन्स भरपूर आहे.”

दुसऱ्या दिवशी डग्लस हार्डिंग आले, म्हणजे त्यांचे प्रयोग आले. हे इंग्रज वास्तुविशारद. आपल्याला डोकंच नाही, या शोधावर त्यांनी 1961 साली पुस्तक लिहिलं. प्रयोग सोपा. बोटाने समोरच्या वस्तूकडे दाखवा, मग पायाकडे, मग पोटाकडे, आणि शेवटी बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवा. बोट ज्याच्याकडे रोखलंय ते तुम्हाला आत्ता दिसतंय का? चेहरा दिसत नाही; दिसतं ते मोकळं अवकाश, ज्यात सगळं जग मावलंय. सर्वांनी बोटं रोखली. बाईंनी हळुवार विचारलं, “काय दिसतंय?”

“चष्म्याची काडी,” काकू म्हणाल्या.

नंतर कागदाची नळी आली. दोन्ही टोकांना दोघांनी तोंडं घालायची. पलीकडे चेहरा, अलीकडे कुणीच नाही, असा अनुभव यायला हवा. काकूंच्या पलीकडे इंजिनिअर होता. नळीतून आवाज घुमला, “बाळा, दाढी काल केलीस का परवा?” हॉल फुटला. बाईसुद्धा हसल्या. मला वाटतं, तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्या हॉलमध्ये खरंच कुणालाही डोकं नव्हतं.

शेवटच्या सत्रात वाटलेल्या कागदांवर निसर्गदत्त महाराज होते, आणि मला थोडं चमत्कारिक वाटलं. हा माणूस म्हणजे मारुती कांबळी, सिंधुदुर्गातल्या कांदळगावचं पोर, मुंबईत विड्यांचं दुकान. 1933 साली एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वरांकडे नेलं. ‘मी आहे’ एवढीच जाणीव धरून राहा, असं गुरूंनी सांगितलं. यांनी ते धरून ठेवलं आणि साधारण तीन वर्षांत प्रश्न मिटला. पुढे खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, घरातल्या पोटमाळ्यावर, विडी ओढत मराठीत बोलायचे, वाद घालणाऱ्याला फैलावर घ्यायचे. मोरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने ती टेपवरची संभाषणं 1973 साली ‘आय ॲम दॅट’ म्हणून इंग्रजीत आणली आणि पोटमाळ्याच्या शिडीवर गोऱ्यांची रांग लागली. खाली गल्लीतल्या बहुतेकांना वरती कोण बसतं याचा पत्ताच नसावा, आणि असता तरी आपण गेलो असतो असं मला वाटत नाही. गल्लीतल्या माणसाला कोण गुरू मानतो? खेतवाडीहून कर्जतला लोकलने दोन तास लागतात. हे बोलणं मात्र आमच्यापर्यंत कॅलिफोर्नियामार्गे आलं, आणि येताना भाडं बरंच वाढलं.

आणखी एक गोष्ट त्या कागदांवर नव्हती. हे थेट मार्गाचे एवढे कडक गृहस्थ, पण गुरूंनी सांगितलं म्हणून भजन-आरती नेमाने करत, अखेरपर्यंत. 1937 मध्ये सगळं सोडून निघाले होते, वर्षभरात परत आले आणि पुन्हा दुकानात बसले. उडून फळावर बसलेला पक्षी पुन्हा खाली येऊन गिऱ्हाइकाला विड्यांचा कट्टा देतो, हे शिबिरांच्या पत्रकात बसत नाही. बसवायला हवं. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो त्या दुकानामुळे.

इंजिनिअरने शेवटी विचारलंच, “मॅम, झालं की नाही हे कन्फर्म कसं करायचं?” बाईंनी सांगितलं, की विचारणारा कोण आहे ते बघ. त्याने वहीत लिहून घेतलं. मग अभिप्रायाचे फॉर्म आले, एक ते पाच तारे. ‘तुमच्या खऱ्या स्वरूपाचा अनुभव’ या ओळीपुढे नियंत्रक साहेबांनी तीन तारे दिले, ‘भोजन’ यापुढे दोन.

माझं काय झालं, असं सोसायटीत सगळे विचारतात. पक्षी झालो नाही. पण आयुष्यात प्रथमच कुणी पाच मिनिटं माझं मध्ये न बोलता ऐकलं, आणि त्या पाच मिनिटांत मला सांगण्यासारखं किती कमी आहे हेही कळलं. शुल्क त्यासाठी जास्त नव्हतं. पत्नीचा निकाल वेगळा आहे: तिच्या मते तिथे झालं ते बोलून बोलून दमणं, आणि दमलेल्या माणसाला शांत वाटतंच, इगतपुरीत तेच न बोलता होतं, आणि तिथे फी नाही, ऐच्छिक दान आहे.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. ओढायला जाड चादर न्या, साखरेची पुडी न्या. नवरा-बायको दोघं जात असाल तर जोडी लावताना वेगवेगळ्या रांगांत बसा. आम्ही एकदा समोरासमोर आलो, तिने विचारलं, “तुम्ही कोण आहात ते सांगा,” आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं तिनेच सांगितलं.