कॅशे पुसता, आधार ठेवता

पीसी स्लो झाला की सल्ला ठरलेला: कॅशे उडव, टेम्प साफ कर. काही ऑफिसांत हे रोजचंच. आणि रोज सकाळी साइट उशिरा उघडते. उघडणारच. कॅशे म्हणजे ब्राउझरनं तुमच्याच सोयीसाठी ठेवलेला माल: लोगो, फाँट, स्क्रिप्ट. त्याच साइटवर पुन्हा गेलात की मुदत संपलेल्या फायलींबद्दल तो सर्व्हरला विचारतो, काही बदललंय का? सर्व्हरकडून ३०४ आलं, म्हणजे 'नाही'. मग फाइल तुमच्याच डिस्कवरून येते. कॅशे पुसलात की सगळं पुन्हा उतरवायचं, तुमच्याच डेटा पॅकमधून.

एखादं पान जुनंच दिसतंय? कंट्रोल धरून एफ-५ दाबा, तेवढ्यानं भागतं. डिस्क भरली असेल तर विंडोजमधलं स्टोरेज सेन्स चालू करा, टेम्प फायली ते काढतं. बाहेरचा क्लीनर कशाला? २०१७ साली सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता. २२ लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर तो गेला, सफाईच्या नावाखाली.

पुसायची खरी जागा आहे झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या पीसीवरचा डाउनलोड्स फोल्डर बघा. आधार, पॅन, सातबारा, पगाराची स्लिप, शाळा सोडल्याचा दाखला; अनोळखी माणसांची कागदपत्रं एकाखाली एक, कुणीही उघडावीत अशी. ई-आधारला पासवर्ड असतो, मान्य. पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. त्याच फोल्डरमधल्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतं!

इन्कॉग्निटो उघडलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका. ती विंडो बंद केली की हिस्टरी जाते, कुकीज जातात. उतरवलेली फाइल जागची हलत नाही. आणि साध्या विंडोत व्हॉट्सॲप वेब लॉगआउट न करता निघालात, तर पुढच्या गिऱ्हाइकासमोर तुमच्या घरचे मेसेज.

म्हणून प्रिंट हातात आली की मागे कितीही रांग असो, सांगा, "दादा, माझी फाइल माझ्यासमोर डिलीट करा." शिफ्ट धरून डिलीट, नाहीतर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. आणि दुकानदारांनीही शटर ओढण्याआधी तो फोल्डर रोज रिकामा करावा. हे काम गिऱ्हाइकाच्या आठवणीवर सोडू नये.