ग्रॅममध्ये वारी

सायकलवरून पंढरपूरला निघणारे पुणेकर हल्ली आधी पिशव्यांचीच वारी करतात. सीटमागची लांबुडकी, हँडलवरची गुंडाळी, फ्रेमच्या त्रिकोणातली चपटी. एकेकीचं वजन ग्रॅममध्ये तोंडपाठ. भार हलका व्हावा म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापायचा आणि वाचलेल्या जागेत पॉवरबँक कोंबायची! सुटलेल्या पोटाचा हिशेब मात्र कुणी मागायचा नाही. ढिली बांधलेली सीटबॅग वाटभर डुलते ती वेगळीच.

निरवांगीसारख्या नीरेकाठच्या गावात दूधवाले कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे: भार खाली, दोन्हीकडे सारखा, टाच लागू नये म्हणून जरा मागे, वर जुन्या ट्यूबचा आवळ. हेच तत्त्व आता ‘पॅनिअर’ नावाच्या पिशव्यांत हजारो रुपयांना मिळतं. दूधवाल्याला विचारावं, तर तो कधीच मोटरसायकलवर गेला.