बर्फावरचं पिठलं

पनवेलची मित्रमंडळी स्कीइंगसाठी गुलमर्गला निघाली, की सामानात थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि कुकर आधी चढतो. याला हसणाऱ्यांना डोंगर कळलेला नाही. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजेपर्यंत उतारावरचा नवशिका दहादा पडून, उठून, हॉटेलात परत येईल. म्हणजे बोचक्यातला कुकर हा मागासलेपणा नसून भौतिकशास्त्र आहे. आल्प्समधल्या शॅलेत तरी निराळं काय चालतं? दिवसभर घसरायचं, संध्याकाळी शेकोटीजवळ घरगुती रस्सा चापायचा. ती त्यांची संस्कृती, आपलं पिठलं मात्र हट्ट!

आक्षेप येईल, की काश्मिरात रोगनजोश सोडून वरणभातच खायचा, तर इतक्या लांब जायचं कशाला? हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. हेच लोक कलावंतीण दुर्ग चढताना प्रबळमाचीच्या गावकऱ्यांकडची पिठलं-भाकरी खाऊन धन्य होतात. तिथे यजमानाच्या घरचं अस्सल. काश्मिरात मात्र यजमानालाच आपल्या घरचं शिकवायचं. दोन्हीकडे सूत्र एकच : चव आपली असो वा त्यांची, रांधायचं दुसऱ्याने. आणि दुसरं कोणी मिळालं नाही, तर बहुधा सोबतच्या बायकांनी. तेव्हा भाजणी खुशाल न्यावी. फक्त नियम करावा, की जो बर्फात आपटेल त्याने भांडी घासावीत. मनुष्यबळाची टंचाई अजिबात भासणार नाही.